तीन निर्धाव चेंडू

वानखेडे, ७ एप्रिल २०१८. आयपीएलच्या अकराव्या हंगामाचा पहिला सामना. एका बाजूला दोन वर्षांची बंदी संपवून परतलेली चेन्नई सुपर किंग्ज, दुसऱ्या बाजूला गतविजेती मुंबई इंडियन्स. १६६ धावांच्या पाठलागात चेन्नईचे आठ गडी ११८ धावांतच तंबूत परतले होते. तिथून ड्वेन ब्राव्होने एकहाती सामना ओढत आणला आणि ३० चेंडूंत ६८ धावा करून एकोणिसाव्या षटकाच्या शेवटच्या चेंडूवर तोही गेला. आता सहा चेंडूंत सात धावा हव्यात, गडी एकच शिल्लक, पलीकडच्या टोकाला तळाचा फलंदाज इम्रान ताहिर. अशा वेळी मैदानात येतो कोण, तर काही षटकांपूर्वी मांडीमागचा स्नायू धरून बाहेर गेलेला केदार जाधव. तोही लंगडत.

मुस्तफिझुर रहमानच्या पहिल्या तीन चेंडूंवर एकही धाव नाही. चौथा चेंडू फाइन लेगच्या डोक्यावरून षटकार. पाचवा एक्स्ट्रा कव्हरमधून चौकार. चेन्नई एक गडी आणि एक चेंडू राखून जिंकली. केदार २२ चेंडूंत नाबाद २४.

हा सामना आठवणारे तो षटकार आठवतात. जाणकाराने मात्र थांबावं ते आधीच्या तीन चेंडूंपाशी. सहा चेंडूंत सात म्हणजे एरवी किरकोळ काम, एकेरी-दुहेरी पळून होणारं. पण पाय गेलेल्या फलंदाजाला एकेरी धाव दोन बाजूंनी महाग. एक तर पळता येत नाही आणि कसाबसा पळालाच, तर समोर ताहिर येणार. म्हणजे हिशेब उघड होता: पळून काही मिळायचं नाही, जे मिळेल ते सीमेपलीकडेच. तीन चेंडू हातचे गेले, तरी त्या उभं राहण्यात घाबरगुंडी दिसत नाही. पट्टीवर बॅट टेकवायची, पुन्हा वाकायचं, पुन्हा गोलंदाजाच्या हाताकडे बघायचं. मुस्तफिझुरचं हत्यार म्हणजे बोटं फिरवून सोडलेला संथ कटर. अशा गोलंदाजासमोर आधी बॅट फिरवणारा मरतो. केदार थांबला.

चौथ्या चेंडूला तो खाली गेला आणि बॅट चेंडूखाली घालून मागे उचलली. हा पॅडल स्वीप ताकदीचा फटका नव्हे, त्यात गोलंदाजाचाच वेग उसना घ्यायचा असतो. धावसंख्या १६५, म्हणजे बरोबरी. आता एकच धाव हवी, त्यामुळे ती अडवायला क्षेत्ररक्षक जवळ यायलाच हवेत. ते जवळ आले की मागची जागा मोकळी. पाचवा चेंडू त्याच मोकळ्या जागेत. दोन्ही फटक्यांत एक पाऊलही पळावं लागलं नाही. पळता न येणाऱ्या माणसाने न पळता सामना कसा जिंकावा, याचं इतकं नेटकं उदाहरण शोधून सापडायचं नाही.

मात्र त्या फटक्यांची किंमत लगेच चुकती झाली. ७.८ कोटींना घेतलेला खेळाडू एका सामन्यात हंगामाबाहेर गेला आणि त्याच्या जागी इंग्लंडचा डेव्हिड विली आला. कावेरी पाणीवाटपाच्या आंदोलनामुळे चेन्नईचे उरलेले घरचे सामने गहुंज्याला हलले. चेन्नईहून पिवळ्या शर्टांनी भरलेली रेल्वे पुण्याला आली, मुंबई-पुणे रस्त्याकाठचं ते स्टेडियम पिवळं झालं. पुण्याचा केदार मात्र त्यात नव्हता. २७ मेला त्याच वानखेडेवर चेन्नईने करंडक उचलला.

तेव्हापासून जो प्रश्न पडला, तो पुढची तीन वर्षं पिच्छा सोडेना. वय ३३, अंगात कसब पुरेपूर, पण शरीराचा भरवसा नाही. ठेवावा, की सोडावा?

उत्तराआधी खेळ नीट बघितला पाहिजे. केदार अंगकाठीने ठेंगणा. उभा राहायचा तो गुडघ्यात वाकून, आणि फटका मारताना आणखी खाली जायचा. खालचा हात जोरकस, मनगट सैल. चांगल्या टप्प्याचा चेंडू तो मिडविकेटला वळवायचा आणि तोच चेंडू पुन्हा पडला, तर जागा करून कव्हरच्या डोक्यावरून सपाट मारायचा. आमच्या चऱ्होलीत हा खेळ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेलं हे गाव अजूनही अर्धं शेत आणि अर्धं टॉवर आहे. ज्या प्लॉटवर उद्या बारा मजले चढायचे, त्यावर आज रविवारी टेनिस बॉलच्या मॅचेस चालतात. टेनिस चेंडू हलका असतो, उसळतो पण बॅटवर येत नाही. वेग आपणच घालावा लागतो, म्हणून खालचा हात तयार होतो. मैदान एका बाजूला आखूड, दुसरीकडे कुणाची तरी भिंत, म्हणून मोकळ्या बाजूला चेंडू वळवायची सवय लागते. केदारही टेनिस बॉलवरच वाढलेला. पुढे लेदर बॉल आला, महाराष्ट्राची टोपी आली, २०१२ मध्ये उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७ धावा झाल्या, २०१३-१४ च्या रणजी हंगामात १२२३ धावा करून तो देशात पहिला आला. त्या फटक्यांतला प्लॉटवरचा वास काही गेला नाही.

त्याची गोलंदाजी तर सरळ तिथलीच. हात वर न नेता तो चेंडू जवळजवळ पंचांच्या कमरेच्या उंचीवरून सोडायचा. इतक्या खालून आलेला चेंडू टप्पा पडल्यावर उसळत नाही, घसरत येतो. फलंदाजाची बॅट सवयीने वरून येते, चेंडू तिच्याखालून निघतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये धरमशालेला धोनीने त्याच्या हाती चेंडू दिला आणि जेम्स नीशम आणि मिचेल सँटनर लागोपाठच्या दोन चेंडूंवर गेले. ज्याला कामचलाऊ म्हणून आणलं, त्याच्या नावावर ७३ एकदिवसीय सामन्यांत २७ बळी लागले.

हा खेळ भर बहरात दिसला तो घरच्या मैदानावर. १५ जानेवारी २०१७, गहुंजे. इंग्लंडच्या ३५० धावांसमोर भारत ४ बाद ६३. विराट कोहली एका टोकाला, आणि दुसऱ्या टोकाला आलेला केदार आल्यापासून कोहलीपेक्षा जलद. दोघांची भागी २०० धावांची. कोहली १०५ चेंडूंत १२२, केदार ७६ चेंडूंत १२०. पाठलागाचा बादशहा समोर असताना जोडीदाराने त्याच्यापेक्षा वेगाने धावा काढाव्यात आणि त्यात आततायीपणा दिसू नये, हे त्या डावाचं मर्म. मात्र त्याच डावात शतकानंतर पायात गोळे येऊ लागले. दोन फटक्यांच्या मध्ये तो पाय ताणत होता. टाळ्यांच्या गजरात ते कुणी मनावर घेतलं नाही, पण पुढची गोष्ट तिथे आधीच लिहिलेली होती.

मांडीमागचा हा स्नायू, हॅमस्ट्रिंग, कमरेच्या हाडापासून गुडघ्याखालपर्यंत जातो. दोन सांध्यांवरून जाणारा असल्याने त्याच्यावर दुहेरी ताण. पळताना पाय पुढे फेकला जातो तेव्हा त्याला लगाम घालायचं काम हा स्नायू करतो. म्हणजे तो एकाच वेळी लांबत असतो आणि जोरही लावत असतो. फाटतो तो बहुधा त्याच क्षणी. आणि एकदा फाटला, की पुन्हा फाटण्याचा धोका वाढतो, कारण भरून आलेली जागा पहिल्यासारखी लवचिक राहत नाही. जुनी दुखापत हीच नव्या दुखापतीची सगळ्यात मोठी खूण असते. त्यात वय भर घालतं. केदारचा खोल वाकून मारलेला फटका या स्नायूला तितका नडत नव्हता. नडायची ती अचानक घेतलेली धाव. म्हणून त्याच्या बाबतीत कसब शाबूत आणि पाय नादुरुस्त, अशी विचित्र फारकत झाली.

ही फारकत दुसऱ्यांदा उघड झाली दुबईत. २८ सप्टेंबर २०१८, आशिया करंडकाची अंतिम लढत. बांगलादेशची सलामीची जोडी १२० धावा करून बसलेली, लिटन दास पेटलेला. ती जोडी फोडली केदारने, पुढे मुशफिकूर रहीमलाही त्यानेच काढलं, आणि बांगलादेश २२२ वर आटोपला. भारताच्या पाठलागात १९ धावांवर पुन्हा तोच स्नायू. पुन्हा बाहेर. जडेजा गेला तेव्हा तो परत आला. शेवटच्या षटकात सहा धावा, शेवटच्या चेंडूवर एक.

वानखेडेशी हा प्रसंग ताडून पाहावा. तिथे न पळता जिंकायची सोय होती. इथे महमुदुल्लाच्या शेवटच्या चेंडूवर पळण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चेंडू पॅडवर लागून गेला आणि केदार धावला, त्याच पायावर. लेग बाय. विजयी धाव त्याच्या खात्यात जमा झालीच नाही. तो २३ वर नाबाद राहिला. एका डावात फटका पायाला वाचवतो, दुसऱ्यात पाय फटक्याची उणीव भरून काढतो. हे दोन डाव शेजारी ठेवले की हा खेळाडू संघाला का हवासा वाटावा हे कळतं, आणि वैद्यकीय पथकाच्या पोटात गोळा का यावा हेही.

पुढच्याच महिन्यात निवड समितीने त्याला वेस्ट इंडिजविरुद्धच्या एकदिवसीय संघातून वगळलं. अध्यक्ष एमएसके प्रसाद यांचं म्हणणं असं, की तंदुरुस्त होऊन परतल्यावर हा पुन्हा मोडतो, म्हणून आधी देशांतर्गत सामना खेळून दाखवू दे. केदारची तक्रार अशी, की हे मला कुणी कळवलंच नाही. तो देवधर करंडक खेळला आणि शेवटच्या सामन्यांसाठी संघात आला. दोन्ही बाजू आपापल्या जागी रास्त. समिती शरीराचा इतिहास वाचत होती, खेळाडू आपल्या खेळाचा.

या प्रश्नावर चऱ्होली फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर जे तट पडतात, ते समितीतल्यापेक्षा फार वेगळे नसतात. चाकणची पहिली पाळी करून आलेला म्हणतो, “पगार चालू आणि माणूस आजारी रजेवर, असं कोण ठेवतं?” कुणी म्हणतं, “अरे, फायनल काढून दिली की राव त्याने!” यांत मला सगळ्यात नेमकी वाटते ती गाडामालकाची रीत. आमच्या पट्ट्यात घाटातला बैलगाडा म्हणजे जीव की प्राण. चार बैल, पुढे घोडी, आणि बारी किती सेकंदांत लागली एवढाच सवाल. पायाला लागलेला बैल कितीही नावाजलेला असो, खरा गाडामालक तो बारीला जुंपत नाही, आणि विकतही नाही. तो दावणीला राहतो, खुराक चालू राहतो. २०१४ ते २०२१ शर्यतीच बंद होत्या, तरी अनेकांनी बैल सांभाळले. कृतज्ञता दावणीवर, निर्णय घाटात. दोन्हींची गल्लत केली, की बैलाचंही वाटोळं आणि गाड्याचंही.

फ्रँचायझीला मात्र दावण नसते. संघात जास्तीत जास्त २५ जण, आणि खर्चाची थैली मोजकी. २०१८ मध्ये ती ८० कोटींची होती, म्हणजे केदारचे ७.८ कोटी हा जवळपास दहावा हिस्सा. लिलावात घेतलेला खेळाडू त्याच किमतीला पुढच्या वर्षी ठेवता येतो, त्यामुळे दर हिवाळ्यात प्रश्न नव्याने उभा. त्यातून चेन्नईचा स्वभावच जुन्यांना जपण्याचा. २०१८ चा तो संघ लोकांनी ‘डॅड्स आर्मी’ म्हणून हिणवला होता: धोनी आणि वॉटसन ३६ चे, हरभजन ३७ चा, ताहिर ३९ चा. त्याच म्हाताऱ्यांनी करंडक जिंकला. मग केदारला सोडायचं कुठल्या तोंडाने?

२०१९ साठी त्याला ठेवलं, ते माझ्या मते योग्यच. पाय दुखावला होता, खेळ दुखावला नव्हता. पण त्या हंगामात १४ सामन्यांत त्याच्या धावा झाल्या १६२, स्ट्राइक रेट ९५.८५. टी-ट्वेंटीत हा आकडा शंभराखाली म्हणजे दर षटकाला सहाही नाहीत. साखळीतल्या शेवटच्या सामन्यात खांदा दुखावला आणि बाद फेरी हुकली, म्हणून चर्चा पुन्हा दुखापतीचीच झाली. त्या गदारोळात बॅटची तक्रार कुणाला ऐकूच गेली नाही. विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध बर्मिंगहॅमला ३३८ चा पाठलाग करताना तो १३ चेंडूंत १२ वर नाबाद राहिला, तेव्हा ती थोडी ऐकू आली. चेन्नईने तरी २०२० साठी त्याला ठेवलं. इथे मात्र आठवणीने निर्णयावर मात केली.

पुरावा ७ ऑक्टोबर २०२० चा, अबुधाबीचा. कोलकात्याच्या १६७ धावा, त्यांत ८१ महाराष्ट्राच्याच राहुल त्रिपाठीच्या. चेन्नईचा पाठलाग हाताशी होता. धोनी बाद झाल्यावर जडेजा आणि ब्राव्होच्या आधी केदार आला. वानखेडेची आठवण ज्याच्या मनात ताजी, त्याला हे पटलंही असेल. पण या वेळचे निर्धाव चेंडू बघा. पाय धड, पळायला मोकळीक, समोर ताहिर नव्हे, पुढे जडेजा. म्हणजे थांबायचं एकही कारण नाही. तरी चेंडू बॅटवर येऊन मरत राहिले. वाकून उभं राहणं तेच, पण त्यातून फटका निघेना. सुनील नारायणचा चेंडू हातातून वाचता येईना, म्हणून फटका निवडायलाच उशीर. १२ चेंडूंत नाबाद ७. शेवटच्या षटकात २६ हव्या होत्या. जडेजाने शेवटच्या तीन चेंडूंवर ६, ४, ४ मारून अंतर फक्त १० धावांवर आणलं. काय होऊ शकलं असतं, हेच त्या तीन फटक्यांनी दाखवून दिलं.

वानखेडेचे तीन निर्धाव चेंडू पुढच्या दोन चेंडूंची तयारी होते. अबुधाबीच्या निर्धाव चेंडूंपुढे काहीच नव्हतं. धावफलकात दोन्हीकडे नुसता ठिपका. पण एक ठिपका वाक्यातला स्वल्पविराम, दुसरा पूर्णविराम. खेळाडू संपत आल्याची खूण मला दुखापतीत दिसत नाही, ती या ठिपक्यांत दिसते. पाय बरा होतो, वाट बघता येते. पण धड पायाने उभा असलेला फलंदाज वाट कशाची बघतोय हे त्यालाच कळेनासं झालं, की काळ जवळ आला समजावं.

त्या हंगामात केदारच्या ८ सामन्यांत ६२ धावा झाल्या, चेन्नई सातव्या क्रमांकावर राहिली आणि पहिल्यांदाच बाद फेरीला मुकली. तरुणांत ठिणगी दिसली नाही, असं धोनी म्हणाला, तेव्हा केदारमध्ये कोणती ठिणगी दिसली, असा सवाल कृष्णमाचारी श्रीकांत यांनी केला. बोचरा होता, पण वावगा नव्हता. त्याच शेवटच्या आठवड्यांत सलामीला आला ऋतुराज गायकवाड, आमच्याच पिंपरी-चिंचवडचा, सांगवीचा, थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला. पहिल्या तीन डावांत ०, ५, ०. मग ६५ नाबाद, ७२, ६२ नाबाद. पुढच्या वर्षी ६३५ धावा आणि ऑरेंज कॅप, २०२४ मध्ये कर्णधारपद. एका जागेवर जुना माणूस ठेवला, की बाहेर कोण बसतं, याचं उत्तर घराजवळच होतं. जानेवारी २०२१ मध्ये चेन्नईने केदारला मोकळं केलं. निर्णय बरोबर, पण एक वर्ष उशिरा.

सोडला म्हणून खेळाडू संपला असं मात्र नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये गहुंज्यालाच आसामविरुद्ध त्याने २८३ चेंडूंत २८३ धावा ठोकल्या, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. चार दिवसांच्या सामन्यात पळण्याची घाई कमी आणि वाकून खेळायला वेळ भरपूर, त्यामुळे तिथे कसब पुन्हा पायाच्या पुढे गेलं. त्या उन्हाळ्यात तो आयपीएलचं मराठी समालोचन करत होता, तेवढ्यात बंगळुरूचं बोलावणं आलं, १ कोटीला. जागा कुणाची रिकामी झाली होती? जायबंदी डेव्हिड विलीची. पाच वर्षांपूर्वी केदारच्या जागी जो आला, त्याच्या जागी केदार. फेड झाली म्हणावं, तर इतकी चोख फेड कादंबरीतही खपली नसती. ३ जून २०२४ ला त्याने सगळ्या क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली.

प्रश्न काही निवृत्त झालेला नाही. चेन्नईने २०२५ साठी धोनीला ४ कोटींत ठेवलं, पाच वर्षं आंतरराष्ट्रीय न खेळलेल्याला ‘अनकॅप्ड’ मानणाऱ्या नियमाखाली. त्या वेळी त्याचं वय ४३, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. ऋतुराजचं कोपर दुखावलं, तेव्हा नेतृत्वही पुन्हा त्याच्याकडेच गेलं, आणि संघ तळाला राहिला. टपरीवर पुन्हा दोन तट. माझं मत विचाराल, तर कसोटी तीच लावावी. धोनीच्या गुडघ्याकडे बघू नका, २०११ च्या विश्वचषकातल्या षटकाराकडेही बघू नका. शेवटच्या तीन षटकांतले त्याचे निर्धाव चेंडू पुढे ठेवा आणि बघा, तो कशासाठी थांबतोय. थांबण्यामागे डाव दिसला, तर म्हातारा खुशाल ठेवा. नुसतंच थांबणं दिसलं, तर त्याला मानाने निरोप द्या आणि ती जागा सांगवीच्या, नाहीतर चऱ्होलीच्या प्लॉटवरच्या पोराला मोकळी करा. केदारने वानखेडेवर जे करून दाखवलं, ते अशा निरोपाने कमी होत नाही. उलट ते तसंच राखायचं असेल, तर अबुधाबी घडू देऊ नये.